नळ फुटेल तेव्हा तुमचा नंबर सापडला पाहिजे

ताई, नमस्कार.
मी पुण्यात धायरीत राहतो. १४ वर्षं प्लंबिंगचं काम करतोय. आधी बिल्डरच्या साइटवर ठेकेदाराच्या हाताखाली होतो, दोन वर्षांपूर्वी स्वतःचं सुरू केलं. दोन हेल्पर आहेत. कामाबद्दल कुणाची तक्रार नाही, पण काम सलग मिळत नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस बसून जातात आणि हेल्परना रोजंदारी तर द्यावीच लागते. ५,००० हँडबिलं छापून पेपरात टाकली. त्यात ९,००० रुपये गेले, ११ फोन आले, ३ कामं झाली. एका लिस्टिंग कंपनीचं वर्षाचं पॅकेज १८,००० ला घेतलं. त्यांच्याकडून फोन येतात, पण त्या गिऱ्हाइकाने आधीच पाच जणांना विचारलेलं असतं आणि 'रेट बोला' यापुढे बोलणं जात नाही. भाचा म्हणतो इन्स्टाग्रामवर रील टाका. मंडळाची मुलं गणपतीत कमानीवर जाहिरात द्या म्हणतात. मित्र म्हणतो मेन रोडला गाळा घे, बोर्ड दिसला की लोक आपोआप येतील. माझी बायको घरी असते, मोबाइल चांगला हाताळते. माझ्याकडे जाहिरातीसाठी २०,००० आहेत, त्यावर एक रुपया घालता येणार नाही. कुठे घालू?
— एक प्लंबर, धायरी

भाऊ, नमस्कार.

तुमचे वीस हजार तूर्त बँकेतच राहू द्या. मी सांगते त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, वेळ लागतो, आणि काम नसलेले दोन-तीन दिवस तुमच्याकडे आहेतच. पैसे लागतील ते कशाला, ते शेवटी सांगते.

साडीची किंवा मिठाईची जाहिरात बघून माणसाला घ्यावंसं वाटतं. प्लंबर बोलवायची हौस कुणालाच नसते. तो लागतो रात्री साडेनऊला, सिंकखालचा पाइप सुटून किचनभर पाणी झालेलं असताना. त्या वेळी माणूस काय करतो? आधी स्वतःच्या फोनमध्ये 'प्लंबर' असं शोधतो. नंबर नसला तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतो, वॉचमनला इंटरकॉम लावतो, शेजारी विचारतो, नाहीतर गूगल मॅप उघडतो. तुमच्या धंद्याच्या जाहिरातीच्या जागा एवढ्याच. तीन महिन्यांपूर्वी पेपरातून आलेलं हँडबिल तोवर रद्दीत गेलेलं असतं. तुमच्या हँडबिलात काही वाईट नव्हतं, ते फक्त पाणी गळत नव्हतं अशा सकाळी लोकांच्या हातात पडलं.

हिशोबही एकदा नीट बघू. नऊ हजारांत तीन कामं, म्हणजे एक काम मिळवायला तीन हजार. कॉकचा वॉशर बदलून चारशे मिळाले असतील तर हा शुद्ध तोटा. पण त्या तिघांतल्या एकाने पुढे बाथरूमचं सगळं काम काढलं असेल, तर हँडबिलाचे पैसे वसूल झाले. तुम्ही पत्रात फोन आणि कामं मोजून लिहिलीत याचं मला फार बरं वाटलं, कारण बहुतेक जण तेवढंही मोजत नाहीत. आता एक पाऊल पुढे जा. एक वही करा. प्रत्येक फोनला, अगदी काम झालं नाही तरी, विचारायचं: "माझा नंबर कुठून मिळाला?" नाव, सोसायटी, काम, बिल आणि हे उत्तर, एवढं लिहायचं. हे काम वहिनींकडे द्या. तीन महिन्यांनी वही उघडलीत की कुठे पैसे घालायचे हे तुम्हाला मला विचारावं लागणार नाही.

पहिलं काम जुन्या गिऱ्हाइकांचं. दोन वर्षांत तुम्ही कितीतरी घरांत गेला असाल. त्यातल्या निम्म्या लोकांकडे आज तुमचा नंबर नसेल याची मला खात्री वाटते. काम आवडलेलं असतं, माणूसही आठवत असतो, पण नंबर 'प्लंबर नवीन' अशा नावाने सेव्ह केलेला असतो आणि तसे तीन नंबर असतात, किंवा सेव्हच केलेला नसतो. म्हणून फोनमधून, जुन्या बिलांतून, यूपीआयच्या नोंदींतून ही नावं काढा आणि एकेकाला स्वतंत्र मेसेज करा. त्यात काही विकायचं नाही. "नमस्कार काका, मी मागच्या वर्षी तुमच्याकडे फ्लश टँकचं काम केलं होतं. ते नीट चालू आहे ना? काही वाटलं तर कळवा, येऊन बघून जाईन. सोबत माझा नंबर पाठवतोय, सेव्ह करून ठेवा." आणि खाली तुमचं काँटॅक्ट कार्ड. त्या कार्डावर नुसतं तुमचं नाव नको. आधी 'प्लंबर', मग नाव, मग 'धायरी'. माणूस फोनमध्ये 'प्लंबर' शोधतो, तुमचं आडनाव शोधत नाही. आणि ग्रुपवर कुणी विचारलं की हेच कार्ड जसंच्या तसं पुढे जातं.

ग्रुपवर काय होतं तेही सांगते, कारण सोसायटीच्या कमिटीत असताना मी ते अनेकदा बघितलंय. "चांगला प्लंबर आहे का? अर्जंट" असा मेसेज पडतो. पाच मिनिटांत तीन-चार नंबर येतात. त्या तीन-चारमधून एक निवडला जातो तो मागे लिहिलेल्या एका ओळीवरून. नुसतं कार्ड टाकणारे बरेच असतात. एखादी काकू लिहिते, "हा येतो म्हणाला त्या वेळेला येतो, आणि काम झाल्यावर फरशी पुसून जातो." बास, त्यालाच फोन जातो. रेट कुणी विचारत नाही. ही ओळ तुम्हाला विकत मिळणार नाही, पण ती लिहिली जावी असं वागणं तुमच्या हातात आहे. हेल्परच्या पिशवीत एक जुनं फडकं आणि एक प्लॅस्टिकचा कागद कायम असू द्या. उशीर होणार असेल तर आधी फोन करा. सिंहगड रोडची गर्दी सगळ्यांना माहीत आहे, पण वाट बघणाऱ्याला ती आधी कळली पाहिजे.

आता माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाची जाहिरात. काम संपलं की त्या घरातल्या मेन कॉकला एक टॅग बांधून या. डक्टमध्ये, लॉफ्टवर, बाथरूमच्या दारामागे, जिथे असेल तिथे. टॅगवर मोठ्या अक्षरात: "घरात पाणी सुटलं तर आधी हा कॉक बंद करा." खाली तुमचं नाव, नंबर आणि काम केल्याची तारीख. साधा कागद ओलीने आठवड्यात फाटतो, म्हणून लॅमिनेट केलेला किंवा प्लॅस्टिकचा घ्या आणि केबल टायने बांधा. गीझरवर विनाइलचा छोटा स्टिकर, त्यावर सर्व्हिस केल्याची तारीख आणि पुढची तारीख. हे करण्याआधी घरच्यांना विचारा आणि कॉक बंद करून, परत सुरू करून दाखवा. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बऱ्याच लोकांना आपल्या घराचा मेन कॉक कुठे आहे हेच माहीत नसतं. तुम्ही ते दाखवलंत की पहिली मदत तिथेच झाली. मग ज्या रात्री खरोखर पाणी सुटेल, त्या रात्री ते लोक धावत त्याच कॉकपाशी जातील आणि तुमचा नंबर त्यांच्या डोळ्यांसमोर असेल. घर भाड्याने गेलं, भाडेकरू बदलला, तरी टॅग तिथेच राहतो.

यानंतर गूगल मॅप. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट असतं, पूर्वी त्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे. "गूगलमधून बोलतोय, नाव वर आणून देतो, वर्षाचे इतके भरा" असे फोन तुम्हाला येतील. पैसे घेऊन मॅपवरचा क्रम वर नेण्याची सोय गूगल देतच नाही. जवळ कोण आहे, शोधलेल्या कामाशी कोण जुळतं आणि कोणाचं नाव किती झालंय यावर तो क्रम ठरतो. तुमचं दुकान नाही, तरीही प्रोफाइल काढता येतं: घरचा पत्ता लपवायचा आणि ज्या भागात जाता ते भाग लिहायचे. २० पर्यंत भाग देता येतात, पण तुम्ही तेवढे देऊ नका. प्रकार 'प्लंबर' निवडा. नाव तुमच्या बिलबुकावर आहे तेच. 'बेस्ट प्लंबर पुणे चोवीस तास' असं नावात भरलं तर प्रोफाइल बंद पडण्याची भीती असते. खात्री करून घेण्यासाठी बहुधा व्हिडिओ मागतात, त्यात हत्यारं, गाडी, बिलबुक दाखवा. प्रोफाइल तुमच्या किंवा वहिनींच्या ईमेलवरच काढा. भाच्याच्या किंवा एजंटच्या ईमेलवर काढलंत, तर उद्या तो नसला की चावी त्याच्याकडे राहते.

रिव्ह्यू मागायला लाजू नका. काम झालं, गिऱ्हाईक नळ उघडून बघतंय, त्याच वेळी म्हणा, "जमलं तर दोन ओळी लिहा, लिंक पाठवतो." आणि लगेच व्हॉट्सॲपवर लिंक द्या. संध्याकाळी पाठवली तर राहून जातं. सगळ्यांनाच मागा, फक्त खूश दिसणाऱ्यांना नको, आणि त्याबदल्यात बिलात सूट देऊ नका; दोन्ही गूगलच्या नियमात बसत नाही. वीस-पंचवीस खरे रिव्ह्यू तुमच्या पट्ट्यात पुष्कळ झाले. एखादा वाईट आला तर त्याखाली शांतपणे लिहा: काय झालं होतं, तुम्ही काय केलंत. नवीन माणूस आधी वाईट रिव्ह्यू वाचतो आणि मग त्याखालचं तुमचं उत्तर वाचतो. फोटो टाकताना घरमालकाला विचारा, आणि दारावरची पाटी किंवा फ्लॅट नंबर दिसू देऊ नका.

हे सगळं करून फोन उचलला गेला नाही तर उपयोग नाही. तुम्ही डक्टमध्ये अर्धे आत असता, हात ओले असतात, फोन वाजून थांबतो. गळती लागलेला माणूस दुसऱ्यांदा फोन करत नाही, पुढचा नंबर लावतो. म्हणून जाहिरातीचा नंबर वहिनींच्या हातात असू द्या. त्यांनी फक्त चार गोष्टी विचारायच्या: काय झालंय, कुठली सोसायटी, पाणी आत्ता सुटलंय की थेंब थेंब येतंय, फोटो पाठवाल का. पाणी सुटलं असेल तर कॉक कसा बंद करायचा ते फोनवरच सांगायचं. त्याच नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस टाका, ते ॲप फुकट आहे. वेळेबाहेर मेसेज आला तर आपोआप उत्तर जाईल असं त्यात लावता येतं. आणि व्हिजिट चार्ज पहिल्याच मेसेजमध्ये लिहून द्या: बघायला येण्याचे इतके, काम दिलंत तर बिलातून वजा. नंतर जिन्यात उभं राहून होणारा वाद टळतो.

आता भाग. तुम्ही 'पूर्ण पुणे' लिहिलं असेल तर खोडा. कोथरूडला एका कॉकसाठी जाण्यात तुमचा अर्धा दिवस आणि पेट्रोल जातं. धायरी, नऱ्हे, वडगाव बुद्रुक, आंबेगाव, आनंदनगर एवढंच धरा. या पट्ट्यात काम भरपूर आहे आणि त्याचा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. धायरी आणि आंबेगाव २०१७ मध्ये महापालिकेत आले, नऱ्हे २०२१ मध्ये. पण कितीतरी सोसायट्या अजून टँकर आणि बोअरवर आहेत. बोअरच्या पाण्यात क्षार असतात; शॉवरची भोकं बुजतात, गीझरचा एलिमेंट पांढरा पडतो, अँगल कॉक जाम होतात. मग तुमच्या मजकुरात "सर्व प्रकारची प्लंबिंगची कामे योग्य दरात करून मिळतील" हे कशाला? ते तर प्रत्येक हँडबिलावर असतं. "बोअरच्या पाण्याने शॉवर बुजलाय? गीझरचं पाणी तापायला वेळ लागतोय?" असं लिहा. वाचणारा आपल्या बाथरूमकडे बघेल.

गुरुवारचंही तसंच. महापालिका दुरुस्तीसाठी अधूनमधून गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने पाणी येतं असं जाहीर करते. ज्या भागात पालिकेचं पाणी आहे, तिथे शुक्रवारी सकाळी पाइपात हवा अडकते, गढूळ पाणी येतं, नळाच्या जाळीत गाळ बसतो. बुधवारी संध्याकाळी तुमच्या गिऱ्हाइकांना एक मेसेज गेला पाहिजे: "उद्या पाणी बंद. परवा आधी बाथरूमचा खालचा नळ थोडा वेळ सोडा, गढूळ पाणी जाऊ द्या, मग फिल्टर आणि गीझर सुरू करा." यात विकायचं काही नाही. अशा चार मेसेजनंतर पाचवा मेसेज, मे महिन्यातला, गच्चीच्या पावसाळी पाइपांच्या जाळ्या साफ करण्याचा किंवा नोव्हेंबरमधला गीझर सर्व्हिसचा, लोक उघडून वाचतात. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो, म्हणून सुरुवातीला मी नंबर सेव्ह करून घ्यायला सांगितलं. महिन्यातून एक-दोनपेक्षा जास्त नको. आणि न विचारता कुणाला ग्रुपात घालू नका.

तुमच्या पट्ट्यातलं एक गिऱ्हाईक मात्र मला खास वाटतं, आणि तुम्ही त्याच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. वडगाव-आंबेगावला सिंहगड इन्स्टिट्यूटचा मोठा कॅम्पस आहे. त्यामुळे आजूबाजूला विद्यार्थ्यांना दिलेले फ्लॅट आणि पीजी भरपूर. यातले कित्येक मालक तिथे राहत नाहीत. कुणी मुंबईत, कुणी नाशिकला, कुणी परदेशात. भाडेकरार बहुधा ११ महिन्यांचे, म्हणजे दर वर्षी फ्लॅट रिकामा होतो आणि पुढची मुलं येण्याआधी फ्लश, शॉवर, सिंकचा वेस्ट पाइप असं काहीतरी निघतंच. या मालकाची अडचण पैशाची कमी आणि भरवशाची जास्त असते. काय बिघडलं, खरंच बिघडलं होतं का, नवीन काय बसवलं, हे त्याला लांबून कळत नाही. तुम्ही जर आधीचा फोटो, काढलेला जुना पार्ट, बसवलेला नवीन पार्ट, पाणी चालू असलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ आणि छापील बिल अशा क्रमाने त्याला पाठवलंत, तर तो माणूस तुम्हाला सोडणार नाही. दुसऱ्या प्लंबरला चार पैसे कमी पडत असले तरी नाही. त्याच्या ओळखीचे दोन-तीन मालकही येतील. यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता म्हणजे त्या भागातले भाड्याची कामं करणारे एजंट. फ्लॅट रिकामा झाला की पहिला फोन त्यांनाच येतो. एका रिकाम्या दिवशी चार-पाच एजंटांच्या ऑफिसात जा, एखाद्या झालेल्या कामाचा तो फोटो-बिलाचा सगळा मेसेज फोनवर दाखवा, आणि नंबर देऊन या. मे-जूनच्या आधी जा.

सोसायट्यांचं काम मिळवायलाही वेळ पाळावी लागते. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. वर्षाचं मेंटेनन्सचं काम कुणाला द्यायचं, टाक्या कुणाकडून धुऊन घ्यायच्या, हे विषय त्याआधी कमिटीत येतात आणि सेक्रेटरी दोन-तीन कोटेशन मागवत असतो. जुलैमध्ये तुमचं एका पानाचं कोटेशन त्याच्या हातात असलं पाहिजे: काय काय बघणार, महिन्यातून किती फेऱ्या, फोन आल्यावर किती वेळात येणार, पार्टचे पैसे वेगळे की धरून. कमिटीतल्या लोकांना हिशोब सभेपुढे ठेवायचा असतो. स्वच्छ कागद देणारा माणूस त्यांना सोपा जातो. सोसायट्यांच्या नियमावलीप्रमाणे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे, गच्ची, टाक्या, बाहेरच्या पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनी यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चात येते आणि फ्लॅटच्या आतली सदस्याच्या. हा फरक तुम्ही जागेवर समजावून सांगू शकलात तर वरच्या-खालच्या मजल्यांमधली भांडणं अर्धी मिटतात, आणि भांडण मिटवणाऱ्याला लोक पुन्हा बोलावतात.

नव्या इमारतीत गेलात तर आधी विचारा, ताबा कधी मिळाला. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा) ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. भिंतीतून ओल येत असेल तर तसं सांगा: "आधी बिल्डरला लेखी कळवा, मग बघू." त्या दिवसाचं काम जाईल. पण त्या घरातली बाई हे सगळ्या विंगला सांगेल. साइटवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाने हे सांगितलं तर लोकांना ते पटतंही.

वॉचमनला कमिशन देऊ नका. ते बिलात चढतं आणि कधी ना कधी बाहेर पडतं. मॅनेजरशी नीट ओळख ठेवा, गेटवर मायगेट किंवा नोब्रोकरहूडसारखं ये-जा नोंदवणारं ॲप असेल तर त्यात नाव कसं येतं ते त्याच्याकडूनच विचारून घ्या. त्यापेक्षा पेंटरशी दोस्ती करा. भिंतीचा रंग फुगला की लोक आधी पेंटरला बोलावतात, आणि जाणता पेंटर म्हणतो, आतून पाणी येतंय, आधी ते बघा. तिथे त्याने तुमचं नाव घेतलं पाहिजे. तुम्हीही रंगाचं काम दिसलं की त्याचं नाव द्या. टाइल्सवाला, इलेक्ट्रिशियन, ज्या हार्डवेअरच्या दुकानातून तुम्ही माल घेता तो मालक, यांच्याशी असाच व्यवहार ठेवा.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं थोडक्यात. लिस्टिंगचं पॅकेज संपेल तेव्हा वही उघडून बघा. त्यातून आलेली कामं तुमच्या पट्ट्यातली नसतील तर नूतनीकरण करू नका. तोवर त्यांचे फोन आले तर रेटच्या लढाईत पडू नका, फोटो मागा आणि "आज चार वाजता येतो" असं सांगा. पाच जणांत वेळ सांगणारा बहुधा एकच असतो. भाच्याची हौस मोडू नका, पण रील लातूरला आणि नागपूरला बघितलं गेलं तर तुम्हाला काम मिळत नाही. त्याच्याकडून एक-एक मिनिटाचे तीन-चार व्हिडिओ करून घ्या: मेन कॉक कसा ओळखायचा, फ्लश सतत वाहत असेल तर तात्पुरतं काय करायचं. ते व्हॉट्सॲपवर आणि गूगल प्रोफाइलवर वापरा. मंडळाला मनापासून वाटत असेल तेवढी वर्गणी द्या. तुम्ही त्याच गल्लीत राहता, ते नातं जपायलाच हवं, पण ते पैसे जाहिरातीच्या खात्यात धरू नका. विजेच्या खांबावर, डीपीवर, झाडावर किंवा दुसऱ्याच्या भिंतीवर काहीही चिकटवू नका, खिळे तर मुळीच नकोत. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ पासून राज्याचा कायदा आहे, आणि पोस्टरवर तुमचाच नंबर असल्याने सापडायला वेळ लागत नाही. कुणी सोसायटीवाल्यांच्या नंबरांची यादी विकायला आला तर परत पाठवा. अशा नंबरांवर साध्या मोबाइलवरून जाहिरातीचे फोन करणं ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांत बसत नाही, लोक १९०९ वर तक्रार करतात आणि तुमचा नंबरच बंद होऊ शकतो. तोच नंबर आता प्रत्येक कॉकवर लागणार आहे.

पैसे लागतील ते यांना: टॅग आणि स्टिकर, नावाचं बिलबुक, आणि तुम्हा तिघांना नाव-नंबर असलेले दोन-दोन टी-शर्ट. गेटवर आणि लिफ्टमध्ये ते वाचले जातात. पाच-सहा हजारांत हे बसावं. हँडबिलं पुन्हा छापायची असतील तर थोडी छापा, बोअरच्या पाण्याच्या मजकुराची, आणि ज्या इमारतीत काम झालंय तिथेच, सेक्रेटरीला विचारून नोटीस बोर्डावर लावा. गूगलच्या पैसे देऊन करायच्या जाहिराती तीन महिने थांबवा. प्रोफाइलवर रिव्ह्यू आल्यावर हवं तर रोजची छोटी मर्यादा घालून, फक्त तुमच्या भागापुरत्या, वहिनी फोन घेऊ शकतील त्या वेळेत लावून बघा. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो तो धरून हिशोब करा.

राहिला गाळा. आत्ता घेऊ नका. तुम्ही कामावर असाल तेव्हा शटर बंद असणार, आणि शटर उघडं असेल तेव्हा तुम्ही कामावर नसणार. फिटिंग विकायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तो दुसरा धंदा आहे, त्यात मालात पैसा अडकतो आणि शेजारी जुनी हार्डवेअरची दुकानं आहेत, ज्यांच्याकडून तुम्हाला कामं यायला हवीत. पुढच्या उन्हाळ्यात आठवड्याचे सगळे दिवस भरायला लागले आणि पाइप-फिटिंग ठेवायला घर पुरेनासं झालं, तर आतल्या गल्लीत कमी भाड्याची एखादी खोली बघा. मेन रोडची गरज तेव्हाही पडणार नाही. वही भरायला मात्र या सोमवारपासूनच घ्या, आणि तीन महिन्यांनी त्यात काय दिसतं ते मला कळवा.